जवानाचा प्रश्न कोण विचारतो?



आपल्या शाळेच्या पटांगणात उभे राहिले की दाबोळीच्या नौदल तळावरून उडालेली विमाने डोक्यावरून जाताना दिसतात. त्यांचा आवाज आता इतका अंगवळणी पडला आहे की, वर्गात कविता चालू असली तर मी क्षणभर थांबते, विमानाला पुढे जाऊ देते आणि सोडलेली ओळ पुन्हा हाती घेते. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील वा काका नौदलात आहेत. कोणाचे गोवा शिपयार्डात कामाला आहेत. त्यामुळे नागरिकशास्त्राच्या तासाला संसदेचा धडा चालू असता नववीच्या एका विद्यार्थ्याने उभे राहून प्रश्न केला, त्याचे मला नवल वाटले नाही. तो म्हणाला, "बाई, सैन्याच्या कारभाराविषयी खासदारांनी प्रश्न विचारायचे, म्हणजे सैन्यावर अविश्वासच दाखवायचा की नाही?"

तास संपायला दहा मिनिटे होती आणि प्रश्न दहा मिनिटांत संपणारा नव्हता. त्या वेळी जे अपुरे राहिले ते येथे लिहीत आहे. बहुतेक उदाहरणे दिल्लीची आहेत. एक मात्र आपल्या ह्याच भूमीवरचे आहे, ते शेवटी येईल.

प्रथम जवानाच्या स्थितीचा विचार करू. गिरणीतल्या कामगाराला वेतन अपुरे वाटले तर तो संघ स्थापन करतो. शेतकरी मोर्चा नेतो. व्यापारी वर्तमानपत्रात पत्र लिहितो. आम्हां शिक्षकांच्याही संघटना आहेत आणि त्या मुळीच मुक्या नाहीत! जवानाला ह्यांपैकी एकही वाट मोकळी नाही. आपल्या राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदान्वये सैन्यातील व्यक्तींचे मूलभूत हक्क किती मर्यादित करावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार संसदेला दिलेला आहे. १९५० चा सेना अधिनियम व १९५७ चा नौदल अधिनियम ह्यांच्या चौकटीत राहणारा सैनिक संप करू शकत नाही, राजकीय सभेत भाषण करू शकत नाही आणि परवानगीवाचून वृत्तपत्राकडेही जाऊ शकत नाही. हे योग्यच आहे. हाती शस्त्र असलेल्या माणसांनी राजकारण सुरू केले म्हणजे काय होते, हे जगातील अनेक देशांनी भोगले आहे.

परंतु ह्या मौनाची किंमत कोणी तरी चुकविली पाहिजे. जवानाचे बूट थंडीला पुरे पडत नसले, काडतुसे अपुरी असली, तर तो आपल्या वरिष्ठाला सांगेल. वरिष्ठ सेनापतीला, आणि सेनापती मंत्र्याला. मंत्र्याने ऐकले नाही तर पुढे काय? तेथे लोकसभेचे काम सुरू होते. जो स्वतः बोलू शकत नाही, त्याच्या वतीने मंत्र्याला उभे करून उत्तर मागणारी दुसरी जागा आपल्या राज्यव्यवस्थेत नाही.

ही कल्पना आपण इंग्लंडकडून घेतली. तेथे राजा स्वतःच्या मर्जीने फौज बाळगी व तीच प्रजेवर सोडी. शेवटी १६८९ च्या हक्कांच्या सनदेत असे लिहून ठेवण्यात आले की, शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीवाचून राज्यात खडी फौज ठेवणे बेकायदेशीर होय. त्यानंतर सैन्याच्या शिस्तीचा कायदाही थोड्या थोड्या मुदतीचा करण्याची प्रथा पडली. मुदत संपली की मंत्र्यांना पुन्हा पार्लमेंटच्या दारी येणे भागच. आपल्या घटनेत सैन्याचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, तथापि त्याचा वापर कायद्यानेच व्हावयाचा आहे. आणि पैसा तर लोकसभेच्या मंजुरीवाचून एक रुपयाही काढता येत नाही.

हा पैसा लहानसहान नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले होते. म्हणजे सरकारच्या एकूण खर्चातील दर शंभर रुपयांमागे तेरांहून अधिक. तुमच्या घरी महिन्याचा वाणसामान व दुधाचा हिशेब आई कशी पाहते ते आठवा. ती हिशेब पाहते म्हणून दूधवाल्याला चोर ठरविते असे कोणी म्हणत नाही.

हिशेब पाहण्याची साधने कोणती? प्रश्नोत्तरांचा तास तुम्ही पुस्तकात वाचलाच आहे. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला तोंडी द्यावे लागते, आणि खरी परीक्षा होते ती त्यामागून येणाऱ्या पुरवणी प्रश्नांत. कारण लिहून आणलेला कागद तेथे पुरत नाही. मागण्यांवर कपात सूचना मांडता येते. तीत केवळ शंभर रुपयांची कपात सुचवून एखादी विशिष्ट तक्रार सभागृहापुढे आणण्याची रीत आहे. शंभर रुपये वाचविणे हा तिचा हेतू अर्थातच नसतो. खर्च होऊन गेल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक तो तपासतात आणि त्यांचा अहवाल लोकलेखा समितीपुढे जातो. ह्या समितीत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सदस्य असतात, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. त्या प्रघातातील पहिले अध्यक्ष मिनू मसानी.

स्वतंत्र भारतातील ह्या तपासणीचा पहिला मोठा प्रसंग जीपगाड्यांचा. १९४८ साली काश्मीरात लढाई चालू असता लंडनमधील आपल्या उच्चायुक्तालयाने सैन्यासाठी दुरुस्त केलेल्या २००० जुन्या जीपगाड्यांचा करार केला. त्यांतील १५५ गाड्या भारतात उतरल्या, आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. लोकलेखा समितीने हे प्रकरण लावून धरले. सरकारने १९५५ साली ते मिटल्याचे जाहीर केले. कोणावर दोष सिद्ध झाला नाही. त्या वेळचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन पुढे १९५७ मध्ये संरक्षणमंत्री झाले.

आता ज्या काळापाशी मला अधिक थांबावयाचे आहे तो १९५९ ते १९६३ चा काळ. चीनने अक्साई चीनमधून रस्ता बांधल्याचे सरकारला कळून चुकले होते. १९५८ च्या ऑक्टोबरात आपण त्याबद्दल चीनकडे लेखी तक्रारही केली होती. लोकसभेला मात्र ही गोष्ट समजली ती १९५९ च्या ऑगस्टअखेर, लोंगजू येथे गोळीबार होऊन आपल्या जवानांचे रक्त सांडल्यावर. सभागृहात संताप उसळला. तेव्हा पंडित नेहरूंनी चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपाने संसदेपुढे ठेवला, व पुढेही अशा श्वेतपत्रिका निघत राहिल्या. जेथे गवताचे पातेही उगवत नाही असा तो प्रदेश आहे, असे नेहरू एकदा म्हणाले असता महावीर त्यागी ह्यांनी आपल्या टकलाकडे बोट दाखवून, येथेही काही उगवत नाही, म्हणून हे डोके दुसऱ्याला देऊन टाकायचे काय, असा सवाल केला, अशी आठवण सांगितली जाते. सभागृह हसले असेल; पण त्या हसण्यात नेहरूंना उत्तर होते.

त्याच दिवसांत, ३१ ऑगस्ट १९५९ रोजी, भूसेनाध्यक्ष जनरल थिमय्या ह्यांनी राजीनामा दिला. संरक्षणमंत्र्यांशी त्यांचे पटत नव्हते. नेहरूंनी त्यांना तो मागे घ्यावयास लावला आणि २ सप्टेंबरला लोकसभेत निवेदन केले की, मुलकी सत्ता हीच श्रेष्ठ आहे व राहिली पाहिजे. तत्त्व निर्विवाद खरे. पण सेनापतीला राजीनाम्यापर्यंत नेणारी गोष्ट कोणती होती, हा प्रश्न त्या तत्त्वाखाली झाकला गेला. माझ्या मते येथेच चूक झाली. मुलकी सत्ता श्रेष्ठ असणे म्हणजे एकट्या मंत्र्याचा शब्द श्रेष्ठ असणे नव्हे. त्या सत्तेत सभागृहही येते. आचार्य कृपलानींनी एप्रिल १९६१ मध्ये लोकसभेत मेनन ह्यांच्या कारभारावर कडाडून टीका केली. टीका गाजली, आणि कारभार पूर्ववत चालू राहिला.

२० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे चिनी फौजा नामका चू नदीच्या काठी आपल्या सातव्या ब्रिगेडवर चालून आल्या. दहा हजार फुटांहून उंच त्या खोऱ्यात आपल्या कित्येक जवानांच्या अंगात सुती गणवेश होते. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी पकडले गेले व मे १९६३ पर्यंत चीनच्या कैदेत राहिले. त्यांनी ह्या पराभवाची कहाणी 'हिमालयन ब्लंडर' ह्या पुस्तकात सांगितली, ती १९६९ साली, अंगावरचा गणवेश उतरल्यानंतर. कपडे, तोफा आणि रसद नाही, हे सेवेत असताना त्यांनी वरिष्ठांना सांगितलेच होते. त्यापलीकडे सांगावयाची मुभा त्यांना नव्हती.

युद्ध पेटल्यावर संसदेचे अधिवेशन ताबडतोब बोलवावे अशी मागणी झाली. तीत अग्रभागी होते राज्यसभेचे एक तरुण सदस्य, अटलबिहारी वाजपेयी. वय वर्षे ३७. नेहरूंनी अधिवेशन ठरल्या दिवसाच्या अगोदर, ८ नोव्हेंबरला भरविले. बैठक गुप्त ठेवावी असे लक्ष्मीमल्ल सिंघवी ह्यांनी सुचविले होते. ती सूचना नेहरूंनी मानली नाही. देशाशी संबंध असलेली चर्चा देशाने ऐकली पाहिजे, असा त्यांचा पक्ष होता. लक्षात घ्या, शत्रू त्या वेळी आपल्या हद्दीत होता आणि तोफा थंडावलेल्या नव्हत्या. लोकसभेत १६५ सदस्य बोलले. पंतप्रधानांच्या स्वतःच्या पक्षातील सदस्यांनीही हात राखून बोलणे केले नाही. शेवटी १४ नोव्हेंबरला, म्हणजे ज्या दिवशी तुम्ही बालदिन साजरा करता त्या नेहरूंच्या वाढदिवशी, आक्रमकाला हुसकावून लावण्याचा ठराव सर्व सदस्यांनी उभे राहून संमत केला.

मेनन ह्यांचे मंत्रिपद अधिवेशनाच्या आदल्याच दिवशी गेले होते. काही लेखक ह्याचे श्रेय सभागृहाला देतात. ते पूर्ण खरे नाही. तो धक्का मुख्यतः काँग्रेसच्या संसदीय पक्षातून आला. तथापि दुसऱ्या दिवशी सभागृह भरणार आहे आणि आपल्याला तेथे तोंड दाखवावयाचे आहे, ही जाणीव त्या सदस्यांच्या मनात नसेल असे मला वाटत नाही.

त्या जागी यशवंतराव चव्हाण आले. सह्याद्रीला हिमालयाने हाक मारली, असे तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी म्हटले जाई. त्यांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी शपथ घेतली, आणि चीनने एकतर्फी युद्धबंदी पुकारली तीही त्याच दिवशी. पुढे १९६३ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत ह्यांच्याकडे सोपविली होती. अहवाल आला. आता मंत्र्यापुढे खरा पेच उभा राहिला: सारे उघड करावे तर शत्रूला लाभ, काहीच सांगू नये तर सभागृहाचा अपमान. ऑगस्टात नेहरूंच्या सरकारवर पहिला अविश्वासाचा ठराव येऊन गेला होता. कृपलानींनी मांडलेला तो ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. परंतु चार दिवसांच्या चर्चेत ऐकावयाचे ते सर्व सरकारला ऐकावे लागले. अशा वातावरणात २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केले.

ते निवेदन मोठ्या वर्गातील मुलांनी मिळवून वाचावे. शब्द मोजके आहेत, पण लपवाछपवी कमी आहे. आपल्या सैन्याचे शिक्षण चिनी युद्धपद्धती डोळ्यांपुढे ठेवून झालेले नव्हते. साधनसामग्रीची सर्वत्र चणचण होती. कनिष्ठ अधिकाऱ्यांची कामगिरी एकंदरीत बरी होती व उणिवा वरच्या पातळीवर अधिक होत्या. आणि उत्तमातल्या उत्तम सैन्यालाही सरकारकडून स्पष्ट धोरण व मुख्य आदेश मिळावे लागतात, इतके त्यांनी सभागृहाला सांगितले. ह्यांतील शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. स्वतः सरकारात बसलेला मंत्री सरकारचा वाटा मान्य करीत होता. पुढच्या वर्षी संरक्षणाची पंचवार्षिक योजना संसदेपुढे आली; सव्वाआठ लाखांचे भूदल आणि ४५ स्क्वॉड्रनांचे वायुदल उभारण्याचा तीत संकल्प होता.

अहवाल मात्र तेव्हापासून कुलुपात आहे. २०१० साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी ह्यांनी संसदेला सांगितले की, तो अतिशय संवेदनशील असून आजही लष्करीदृष्ट्या उपयोगाचा आहे. २०१४ मध्ये त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर प्रसिद्ध केला. म्हणजे जगाला वाचावयास मिळाले ते सभागृहाच्या पटलावर आले नाही! कारगिलच्या युद्धानंतर वेगळे घडले. के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये, गुप्त भाग वगळून का होईना, संसदेपुढे ठेवण्यात आला. गुप्तता आणि उत्तरदायित्व ह्यांची सांगड घालता येते, ती अशी.

प्रत्येक वेळी ती घातली गेली असे नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी लोकसभा विसर्जित झालेली होती. राज्यसभेची खास बैठक बोलवा, ही मागणी मान्य झाली नाही. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान कामी आले. सप्टेंबरात अधिवेशन भरले तेव्हा साथीमुळे प्रश्नोत्तरांचा तास रद्द केलेला होता. संरक्षणमंत्र्यांनी लोकसभेत निवेदन केले, पण त्यावर चर्चा होऊ दिली गेली नाही. सरकारचे म्हणणे असे की, सैन्य समोरासमोर उभे असता उघड वादविवाद नको. हे म्हणणे क्षुल्लक नाही. मात्र १९६२ च्या त्या १६५ भाषणांच्या शेजारी ते ठेवून पाहावे, एवढीच माझी सूचना आहे.

"शत्रूला आपल्या कोठाराचा हिशेब कशाला सांगायचा?" असेही त्या दिवशी वर्गात कोणी म्हणाले. २०१५ मध्ये महालेखापरीक्षकांचा दारूगोळ्याविषयीचा अहवाल संसदेत आला, तेव्हा पुष्कळ मोठ्या माणसांनीही हेच म्हटले होते. मार्च २०१३ मध्ये तपासलेल्या १७० प्रकारांच्या दारूगोळ्यापैकी निम्मे प्रकार दहा दिवसांच्या तुंबळ युद्धालाही पुरणारे नव्हते, असे त्यात नमूद होते. ठरलेले प्रमाण होते ४० दिवसांचे. हे छापावे की छापू नये, ह्यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. पण कोठार रिकामे होते ते अहवालामुळे नव्हे.

असल्या गोष्टींसाठीच १९९३ साली संरक्षणविषयक स्थायी समिती निर्माण झाली. तीत दोन्ही सभागृहांतील व सर्व पक्षांतील सदस्य असतात आणि तिच्या बैठका बंद दाराआड होतात. ज्या सैनिकाला सभेत बोलता येत नाही तो येथे बोलाविला जातो. मार्च २०१८ मध्ये समितीचे अध्यक्ष होते भुवनचंद्र खंडुरी, स्वतः निवृत्त मेजर जनरल. उपसेनाप्रमुखांनी समितीला सांगितले की, भूदलाची ६८ टक्के साधने जुनाट आहेत, २४ टक्के चालू काळातील आणि केवळ ८ टक्के अद्ययावत. नव्या सामग्रीसाठी दिलेले २१,३३८ कोटी रुपये आधी केलेल्या करारांचे हप्ते भागविण्यासही पुरत नव्हते. ते हप्तेच २९,०३३ कोटींचे होते. समितीने हे सर्व अहवालात छापून संसदेला दिले. त्याच आठवड्यात, १४ मार्चला, लोकसभेने साऱ्या खात्यांच्या मागण्या गोंधळात, चर्चेवाचून, एकत्र संमत केल्या. संरक्षणाची मागणीही त्यांतच होती. समितीसारखे चांगले साधन हाती असून ते असे वाया गेले, ह्याचे मला वाईट वाटते; आणि दोष एकाच बाजूचा होता असेही नाही.

आता आपल्या भूमीवरचे उदाहरण. १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात पोर्तुगालचे काही हजार सैनिक होते. आमच्या कोकणीत त्यांना 'पाखले' म्हणत. आमच्या आजोबांच्या पिढीने त्यांचा जुलूम पाहिला, आणि त्यांच्याविषयी कोणाला माया वाटण्याचे कारण नव्हते. तरीही त्या सैनिकांची अवस्था पाहा. लढाऊ विमान एकही नाही; युद्धनौका एक, 'आफोन्सु द आल्बुकेर्क'. रणगाड्यांविरुद्धचे गोळे मागविताना त्यांना 'चोरीस' हा सांकेतिक शब्द ठेवला होता आणि लिस्बनहून खरोखरच मांसाचे चोरीस येऊन पडले, अशी गोष्ट पोर्तुगीजांच्या आठवणींत येते. हुकूमशहा सालाझार ह्यांनी १४ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा ह्यांना कळविले की, शरणागती नको. सैनिक एक तर विजयी व्हावेत किंवा मरावेत.

लिस्बनला राष्ट्रीय सभा होती. तिच्यात १३० जागा होत्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या निवडणुकीत त्या १३० ही जागा एकाच पक्षाला, सालाझार ह्यांच्या पक्षाला, मिळाल्या होत्या. साधनांवाचून ह्या माणसांना मरावयास का सांगता, असे विचारणारा तेथे कोणी नव्हता. १९ डिसेंबरला गव्हर्नरांनी विवेक केला व शरणागती पत्करली. पणजी वाचली, आणि माणसेही वाचली. ह्याबद्दल १९६३ साली त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. त्याच साली दिल्लीत चव्हाण आपल्या सैन्याच्या पराभवाचे निवेदन करीत होते, आणि वर्ष संपता संपता गोव्याच्या मतदारांनी लोकसभेवर आपले पहिले दोन सदस्य निवडून दिले.

हे सारे मी पुढच्या आठवड्यात वर्गात सांगितले, तेव्हा तोच विद्यार्थी पुन्हा उभा राहिला. ह्या खेपेस त्याने विचारले, "मग बाई, त्या गव्हर्नरला न्याय मिळाला की नाही?"

मिळाला, मी म्हटले. १९७४ मध्ये पोर्तुगालातील हुकूमशाही कोसळल्यानंतर.